देवघराच्या जाळीतली जाऊ

नागपुरातल्या नंदनवन वस्तीत आमचा फ्लॅट आहे, त्याला देवघर आहे. आम्ही मागितलं नव्हतं. बिल्डरने सगळ्यांना दिलं, तसं आम्हालाही दिलं. स्वयंपाकघराच्या मागे, एक माणूस मांडी घालून बसला तर दुसऱ्याला उभंच राहावं लागेल एवढीशी खोली, संगमरवरी कट्टा आणि भिंतीवर कमळांच्या टाइल्स. ख्रिस्ती कुटुंबाला आयतं देवघर मिळालं तर त्याचं काय करायचं, याबद्दल आमच्या कुठल्याही पाळकसाहेबांनी कधी प्रवचन केलेलं नाही. आम्ही तिथे कांदे ठेवले.

समोरच्या शोभाताईंना ते बघवत नसे. "काहून वं इस्तरी वहिनी, देवघरात कांदे ठेवते का कोणी? तुमचा देव बी देवच आहे न!"

माझं नाव एस्तेर. माहेरी नगरला ते नीट उच्चारत. लग्न होऊन नागपुरात आले आणि माझी इस्तरी झाली. आता कोणी एस्तेर म्हणून हाक मारली तर मीच आधी मागे वळून बघते, कोणाला बोलावताहेत म्हणून.

तर गेल्या मे महिन्यात ते कांदे बाहेर आले, त्याचं कारण माझा धाकटा योएल. त्याच्याकडे दोन कापडी अस्वलं आहेत. एका रविवारी आम्ही उपासनेहून आलो. पाळकसाहेब त्या दिवशी बोलले होते की मुलांना विश्वास मंडळीत मिळत नाही, आईच्या तोंडून मिळतो. मी मान डोलावली होती. घरी येऊन बघते, तर एक अस्वल दुसऱ्याला सांगत होतं, "गप बस! एक शब्द बोललास तर गॅलरीतून खाली टाकीन, देवाशप्पथ!" आवाज योएलचा, पण शब्द, सूर आणि ती 'देवाशप्पथ' माझी होती. अगदी हुबेहूब.

मी ठरवलं, आता बास. सुट्टीभर रोज दुपारी मुलांबरोबर प्रार्थना. वेळ दुपारची घेतली, कारण नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळ होईपर्यंत मुलांना बाहेर सोडता येत नाही आणि त्या वेळातच मी सर्वांत जास्त अख्रिस्ती होते. जागा देवघराची घेतली, कारण हॉलमध्ये कूलर इतका गरजतो की देवालाही पुन्हा विचारावं लागलं असतं. कांदे गॅलरीत गेले. सतरंजी आली. कट्ट्यावर मेणबत्ती लावली.

इथली उन्हाळ्यातली दुपार ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. रात्रीपेक्षा ती जास्त निर्मनुष्य असते. रात्री निदान कुत्री भुंकतात. दुपारी कुत्रीसुद्धा गाड्यांखाली मेल्यासारखी पडलेली असतात. रस्ता पांढरा पडतो, खिडक्या मिटतात, आणि सगळ्या घरांच्या कूलरचा मिळून एकच घुमणारा आवाज येत राहतो. त्यात मधेच वीज गेली की ते घुमणं थांबतं आणि मग जी शांतता पडते, तिला कान लावायला नको वाटतं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि वीज गेली. थोरली अबोली दुसरी पास झालेली, ती शहाण्यासारखी सगळ्यांसाठी बोलली. योएलने प्रार्थना केली की ताईला थोडा ताप येऊ दे आणि तिचं आइस्क्रीम मला मिळू दे. मी डोळे मिटूनच त्याला चिमटा काढला. मग आम्ही आमेन म्हणालो.

आणि भिंतीतून कोणीतरी म्हणालं, "जाऊ… जाऊ… जाऊ…"

देवघराला वर सिमेंटची एक जाळी आहे. आमच्या इमारतीच्या पाठीला पाठ लावून दुसरी इमारत उभी आहे. तिचं फाटक मागच्या गल्लीत. दोन्हींच्या मधे एक चिंचोळी, खोल पोकळी आहे, तिला सगळे शाफ्ट म्हणतात. पाइप, कबुतरं आणि अंधार. जाळी तिकडे उघडते. आवाज तिथूनच आला होता. म्हातारा, घोगरा, बाईचा. आणि तो विचारत होता की जाऊ का?

"कुठे?" योएलने तोंड वर करून विचारलं.

मेणबत्तीची ज्योत जाळीकडे कलली आणि तशीच राहिली. खोलीत वारा नव्हता.

माझे यजमान प्रेमानंद औषधांच्या कंपनीचे प्रतिनिधी आहेत. आठवड्यातले निम्मे दिवस सावनेरकडच्या डॉक्टरांच्या दारात बसलेले असतात. मी फोन केला. "अहो, देवघरातून जाऊ असा आवाज येतोय."

"जाऊ? कोणाची जाऊ? आपल्या वहिनी आल्यात का गावाहून?"

"जाऊबाई नव्हेत! जाऊ का, जाऊ का असं विचारतंय कोणीतरी!"

"पाइपमधली हवा असेल," ते म्हणाले. नवरे पाइपमधल्या हवेवर फार विसंबून असतात.

दुसऱ्या दिवशी पाइपमधल्या हवेने आमची प्रार्थना पूर्ण होईपर्यंत शांतपणे वाट पाहिली, आमेन होऊ दिलं आणि मग विचारलं, "जाऊ… जाऊ… जाऊ…" योएल उठून कट्ट्यावर चढला, जाळीला तोंड लावलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "नको जाऊ." पलीकडे काहीतरी हललं. कापड भिंतीला घासावं तसं. मग कोणीतरी हसलं, अगदी हळू. अबोली माझ्या पदराला धरून होती. योएल खाली उतरला आणि अस्वलाला म्हणाला, "थांबणार आहे ती."

ख्रिस्ती बाईने भुतांवर विश्वास ठेवू नये. मी ठेवत नाही. ही गोष्ट मी तेव्हा स्वतःला मोठ्याने सांगितली, आणि स्वयंपाकघरातला दिवा भर दुपारी लावला.

गोष्ट इमारतीत पसरायला नको होती, पण अबोलीने ती शोभाताईंच्या नातीला सांगितली आणि शोभाताई पोळी तव्यावर टाकून आल्या.

"मी तुमाले सांगणार नव्हती," त्या म्हणाल्या. म्हणजे सांगणार होत्या. "ही बिल्डिंग बनून राहिली होती न, तेव्हा एक रेजा त्या शाफ्टात पडली म्हणते. विटा वाहून राहिली होती बिचारी. तिले सुट्टी कोणी देल्लीच नाही. म्हणून विचारून राहिली, जाऊ का, जाऊ का. तुमी नुसतं 'जा वं बाई' म्हणा, सुटली ते."

"पण योएलने 'नको जाऊ' सांगितलंय."

शोभाताईंनी कपाळावर हात मारला. "झालं! आता ते कायची जाते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराला लिंबू-मिरच्या बांधलेल्या होत्या. मी माझ्या श्रद्धेला जागून त्या काढल्या. लिंबाचं सरबत केलं. शोभाताईंनाही एक पेला दिला. त्या प्यायल्या, लिंबू कुठलं ते कळल्यावर घरी जाऊन चूळ भरून आल्या.

मग प्रकरण सोसायटीकडे गेलं. सेक्रेटरी गणपतराव सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "आवाज कोणच्या बाजूचा आहे, हे पहिले ठरवा लागते. शाफ्टची अर्धी भिंत आपली, अर्धी त्याइची. त्याइच्याशी आपली केस चालू आहे. त्या लोकाइशी बोलायचं नाही, असा ठराव पास झाला आहे."

"अहो, पण कसली केस?"

"कबुतराइची," गणपतराव गंभीरपणे म्हणाले. "शाफ्टमधली घाण कोणी साफ करायची. मामला कोर्टात आहे. तवा जे काही बोलून राह्यलं, ते आपल्या हद्दीतून बोलते का त्याइच्या, हे पाहाले कमिटी येईन."

कमिटी आली. ऐन दुपारी, घाम पुसत, सहा पुरुष आणि शोभाताई. एका माणसाच्या देवघरात आम्हा तिघांसकट दहा जण उभे राहिले तर श्वासदेखील पाळीपाळीने घ्यावा लागतो. गणपतराव जाळीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "हं, करा प्रार्थना चालू."

मला फार अपमान वाटला. माझ्या मुलांची प्रार्थना म्हणजे काही नळ नव्हे, सोडून बघायला. योएलनेही तोंड घट्ट मिटलं. शेवटी गणपतराव म्हणाले, "काई नाई, लेकराइचे भास आहेत," आणि सगळे वळले. तेव्हा योएल माझ्या कानाशी पुटपुटला, "देवा, या काकांना लवकर घरी जाऊ दे. आमेन."

"जाऊ… जाऊ… जाऊ…"

कमिटी दाराच्या चौकटीत अडकली. त्यातून सर्वांत आधी गणपतराव सुटले. त्यांची एक चप्पल दिवाणाखाली गेली होती, ती दोन दिवसांनी शोभाताईंच्या नातीने चिमट्यात धरून नेऊन दिली. 'आवाज सोसायटीच्या हद्दीबाहेरचा आहे' असा निर्णय त्याच संध्याकाळी झाला.

आता माझ्या घरी मुलं पाठवायला लोक कचरू लागले. दूधवाला पिशवी जिन्यातच ठेवू लागला. मी स्वतः रात्रीची नव्हे, दुपारची भिऊ लागले. जेवणं झाली की मी भांडी घासण्यात वेळ काढायचे. आणि मुलं मात्र जेवतानाच विचारायची, "आई, प्रार्थना कधी?" जी मुलं उपासनेत दहा मिनिटं स्थिर बसत नाहीत, ती सतरंजीवर आधी जाऊन बसायची. आईच्या तोंडून विश्वास मिळतो म्हणतात. माझ्या मुलांना तो भिंतीच्या तोंडून मिळत होता, आणि हे मी पाळकसाहेबांना कसं सांगावं?

सांगावं लागलं. ते त्यांच्या जुन्या स्कूटरवर, डोक्याला ओला रुमाल बांधून आले. फार चांगला माणूस. पण त्यांचा आवाज मैदानातल्या सभांवर वाढलेला. देवघरात त्यांनी हात उंचावले आणि गर्जना केली, "येशूच्या नावाने, जे कोणी असेल ते, निघ! निघून जा! पुन्हा या घराशी बोलू नकोस!" कट्ट्यावरची मेणबत्ती विझली. शाफ्टमधली सगळी कबुतरं एकदम उडाली, आणि त्यांच्या पंखांचा आवाज बराच वेळ खाली खाली जात राहिला.

पलीकडून काहीच आलं नाही. पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं, ताक घेतलं, आणि काम झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमेननंतर आम्ही तिघं जाळीकडे बघत बसलो. जाळी गप्प. त्यानंतरच्या दिवशीही तसंच. मला हायसं वाटायला हवं होतं. योएल मात्र भिंतीकडे तोंड करून बसला. "ती आपल्याला काय करत होती?" त्याने विचारलं. "ती फक्त विचारत होती."



त्यानंतरच्या दुपारी पुन्हा वीज गेली होती. उकाड्याने टाइल्ससुद्धा गरम लागत होत्या. मुलांची प्रार्थना झाली, आमेन झालं, आणि शाफ्टमधून आवाज आला. बोलण्याचा नव्हे. टण्. थोडं थांबून टण्. लोखंडी पाइपवर कोणीतरी काहीतरी आपटत होतं, न घाबरता, न थकता, घड्याळासारखं.

"अबोली, बाहेर चल," मी म्हणाले. पण योएल कट्ट्यावर चढून जाळीला कान लावून बसला होता. तो माझ्याकडे वळला.

"आई, ती पाणी मागतेय."

मी त्याला उतरवून स्वतः कान लावला. टण्, टण् चाललेलंच होतं. आणि त्याच्याही खाली, विहिरीच्या तळातून यावा तसा कुजबुजता आवाज, "पानी… पानी दे वं माय…"

लहानपणापासून ऐकलेल्या भुतांच्या सगळ्या गोष्टी मला आठवल्या. पाणी मागणाऱ्याला ओ देऊ नये, मागे वळून बघू नये. पण त्याबरोबर हेही आठवलं की तहानेल्याला पाणी द्यायला आम्हाला सांगितलेलं आहे. तो जिवंत आहे की नाही याची आधी खात्री करा, असं काही सांगितलेलं नाही. बाहेर सेहेचाळीस अंश होते. अशा उन्हात तहान लागलेलं कोणीही असो, मेलेलं असलं तरी, त्याला पाणी नेऊन द्यायला हवं. मी फ्रिजमधली बाटली घेतली, मुलांची डोकी दुपट्ट्यात गुंडाळली आणि दार उघडलं.

दारात शोभाताई होत्या. हातात लोखंडी खलबत्त्यातला बत्ता. "ठोकल्याचा आवाज मले बी आला," त्या म्हणाल्या. "चाल्ली कुठी?"

"मागच्या इमारतीत. शाफ्टला दुसरी वाट तिकडूनच असणार."

"त्या लोकाइकडे? ठराव आहे न!" मग योएलकडे बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "चाल. लोखंड पाहून ते जवळ येत नाही."

मागच्या गल्लीत जायला सगळा चौक वळसा घालून जावं लागतं. रस्त्यावर एक माणूस नव्हता. आमच्या सावल्या पायांखाली लपल्या होत्या. डांबराला चपला चिकटत होत्या, आणि सगळ्या बंद खिडक्यांमागून कोणीतरी आपल्याला बघतंय असं वाटत होतं. फाटकावरचा चौकीदार खाटेवर झोपला होता. त्याला हलवलं तर म्हणतो, "मागच्या बिल्डिंगवाल्यांना आत सोडायचं नाही. ऑर्डर आहे." शोभाताईंनी बत्ता खांद्यावर घेतला. त्याने ऑर्डर मागे घेतली.

आमच्याच मजल्याच्या पाठीचा फ्लॅट. दाराला बाहेरून कुलूप. मी दारावर थाप मारली. आतून तोच आवाज, आता जमिनीलगत, दाराच्या फटीतून येणारा, "कोन आहे वं?"

शोभाताईंनी माझा दंड धरला, इतका की बोटांचे वळ उठले. पण चौकीदार डोकं खाजवत म्हणाला, "अरे, धम्मानंदसाहेबांची आई! अंजनाबाई! त्या तर घरातच असतात." त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. हा धम्मानंद रामदासपेठेत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. मी दोन वाक्यं बोलले असेन. तो ओरडला, "ताई, तोडा कुलूप! तोडा! मी निघालो!"

भुतासाठी आणलेला बत्ता कुलपाला लागू पडला.

अंजनाबाई शाफ्टलगतच्या मोरीच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरं लुगडं, अंग भट्टीसारखं तापलेलं. सकाळी मुलगा-सून कामावर गेल्यावर पाय घसरला, कंबरेतून उठता येईना, आणि विजेअभावी पंखाही बंद. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी घाईने बाटली तोंडाला लावणार, तोच अबोली म्हणाली, "आई, हळूहळू, थोडं थोडं." योएलने आपला दुपट्टा भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवला. शोभाताई भिंतीला टेकून रडत होत्या आणि मधेमधे चौकीदाराला शिव्या देत होत्या. धम्मानंद आला तो रुग्णवाहिका घेऊनच आला. जिन्यात स्ट्रेचरची एक बाजू शोभाताईंनी धरली.

"माय दोनदा उन्हात बाहेर निघून गेली, ताई," तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. "रस्ता विसरते. म्हणून कुलूप लावतो. दुसरं काही नाही, ताई." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गॅलरीच्या धमक्या देणारी मी, त्याला काय बोलणार?

आठवड्याने दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा अंजनाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी भीतभीत विचारलं, "आजी, तुम्ही आम्हाला रोज विचारत होता, जाऊ का म्हणून. कुठे जायचं होतं?"

"मी काहून जाऊ?" त्या म्हणाल्या. "मी त साधू, साधू, साधू म्हणत होती. आमी बुद्धाचे लोक. वंदना झाली, कोनी चांगलं बोल्लं, का साधू म्हणा लागते. तुमचे लेकरं कोणाले मानते ते मले का माहीत? पन गोड बोलत होते." मग जरा थांबून म्हणाल्या, "एक दिवस एक माणूस लई जोरानं निघ म्हणाला. मले वाटलं, माया बोलन्यानं तुमाले तरास होते. म्हणून चूप राहिली."

हे पाळकसाहेबांना कळलं, तेव्हा ते संत्री घेऊन स्वतः दवाखान्यात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

आता कुलूप नाही. धम्मानंदने दाराची एक किल्ली आमच्याकडे ठेवली आहे, आणि दुपारी मुलांना घेऊन मीच तिकडे जाते. गणपतराव माझ्यावर ठरावभंगाची नोटीस काढणार आहेत. शोभाताई म्हणतात, काढू द्या. त्याही येतात, सोबत कैरीचं पन्हं आणतात.

अंजनाबाई घरी आल्या, त्या पहिल्या दुपारी आम्ही त्यांच्या पलंगाभोवती बसलो. मुलांनी प्रार्थना केली. त्यांनी हात जोडून साधू, साधू, साधू म्हटलं. फार बरं वाटलं. मग त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि दाराकडे नजर टाकली.

"तुमच्या घरची म्हातारी नाही आली वं?"

"कोण म्हातारी, आजी?"

"ते वं. लेकराइचं झालं का मागून आमेन म्हणते, ते. माया साधूच्या पहिले तिचं आमेन होते. बारीक आवाज आहे तिचा. त्या दिवशी तिनंच त पाइप वाजवला. माया हात कुठी उठत होता! मी पडून ऐकत होती. तिच्या भरोशावर राहिली मी." त्यांनी माझा हात धरला. "तिले घेऊन ये न एकदा. पाया पडतो म्हणा."

शोभाताईंच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला. आमच्या घरी म्हातारी नाही. सासूबाई लग्नाआधीच गेल्या, आई नगरला असते. मी योएलकडे पाहिलं. तो अस्वलाचा कान पिळत बसला होता, ही काही विशेष बातमी नसल्यासारखा.

माणसाने खरं बोलावं. पण खरं काय ते आधी ठाऊक हवं.

"सांगते त्यांना," मी म्हणाले. "त्या बाहेर पडत नाहीत हो फारशा."

आणि मुलांचे हात धरून, त्या पांढऱ्या, रिकाम्या रस्त्याने आम्ही घरी निघालो.